तुळशाच्या तपासणीला नऊ घरं

जाहीर निवेदन.

तमाम मिरजकर, विशेषतः आमच्या सोसायटीच्या तिन्ही जिन्यांवरचे रहिवासी आणि माझ्या शिवणवर्गाच्या सकाळच्या व दुपारच्या बॅचेस, यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की मी व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी चार दिवस राहून सुखरूप परत आले आहे आणि मला वाघ दिसलेला नाही. शेपूटही दिसलं नाही. वाघ बसल्याची खूण म्हणून जी जागा मला मोठ्या आदबीनं दाखवण्यात आली, तिथं त्याच सकाळी मी घसरून बसले होते. मी नदीत तराफ्यावर बसले नाही, धबधब्यापुढे उभी राहून फोटो काढला नाही. धनेश पक्षी पाहिला, पण तो मिरजेत कुणाला ऐकायचा नसतो. तरी यापुढे जिन्यात अडवून ‘वाघ?’ असं कुणी विचारू नये.

मी गेले होते एक माणूस आणायला.

माझा मावसभाऊ तुळशीदास. वय चव्वेचाळीस. घरात, दारात, रानात नाव तुळशा. आमची मावशी खानापूरकडची, ती लग्न होऊन जोयडा तालुक्यात गेली. कुंभारवाड्याहून उळवीला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, झाडीत, तिचं सोडून नऊ घरं असलेल्या एका वाडीत. तुळशा तिचा एकुलता एक. त्याची समज पाचेक वर्षांच्या मुलाएवढी, बोलणं मोजकं, हसणं पुष्कळ, आणि लहानपणापासून त्याला फिट येतात. मावशीचे यजमान लवकर गेले. तिनं एकटीनं पोराला सांभाळलं, असं आम्ही सगळे आयुष्यभर म्हणत आलो. गेल्या वर्षी मावशीही गेली. त्यानंतर दोन महिन्यांत तुळशाला ओढ्यावर फिट आली, तो पाण्यात पडला, कुणीतरी ओढून काढला म्हणून वाचला.

ही बातमी पुण्याला माझ्या थोरल्या भावाला, दादाला, कळली. दादा काळजी करतो तेव्हा कामाला लागतो. त्यानं मिरजेतल्या एका निवासी संस्थेत तुळशासाठी जागा मिळवली. मी स्वतः जाऊन पाहून आले होते. स्वच्छ फरशी, ओळीनं खाटा, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. काही म्हणजे काही नाव ठेवण्यासारखं नव्हतं. जागा शुक्रवार संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती, आणि माझ्या पर्समध्ये शुक्रवारची लोंढा ते मिरज अशी दोन तिकिटं होती. एक माझं आणि एक तुळशाचं.

मंगळवार : चाकांची पेटी

लोंढ्यापर्यंतची आगगाडी सगळ्यांनी पाहिलेली असते, ती वगळते. रामनगरला चहा घेतला. तिथला दुकानदार माझ्याशी मराठीत, बायकोशी कोकणीत, फोनवर कानडीत बोलत होता आणि तिन्ही भाषांत उसळ संपली एवढंच सांगत होता. पुढं जोयड्याची बस, मग कुंभारवाड्याची. चार वाजता कंडक्टरनं मला एका वळणावर उतरवलं, रानातल्या तांबड्या वाटेकडं बोट केलं आणि सरळ जावा म्हणाला. त्या वाटेत सरळ असं काहीही नव्हतं.

माझ्या हातात चाकं लावलेली सुटकेस. फलाटावर ती राणीसारखी मागं येते. इथं जांभ्या दगडाच्या वाटेवर, आडव्या आलेल्या मुळांवरून, तिनं पहिल्या शंभर पावलांत एक चाक टाकलं. मी ओढतेय, ती कलंडतेय, वरून वानरं बघताहेत. एवढ्यात मागून घंटा वाजल्या आणि वाडीची सगळी गुरं वाट भरून आली. त्यांच्यामागं तुळशा, त्याच्यामागं गुरं राखणारा.

त्यानं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. सुटकेस मात्र त्यानं लगेच ओळखली. तिच्यापुढं उकिडवा बसला, मोडलेल्या चाकाच्या जागी हात फिरवला, तोंडानं वासराला करतात तसा आवाज केला आणि लंगड्या वासराला चालवावं तशी तिला अलगद, एका बाजूनं उचलून धरत वाडीपर्यंत नेली. वाडीत शिरल्यावर तिला गोठ्यातच बांधायचा त्याचा विचार होता. बरीच समजूत काढावी लागली.

आता एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वाडीची गुरं एकत्र चरायला जातात आणि रोज एका घरानं राखायची असतात. आज पहिलं घर, उद्या दुसरं, नऊ झाली की पुन्हा पहिलं. हे कुणी लिहून ठेवत नाही. राखणीची एक काठी आहे. संध्याकाळी गुरं आली की ज्यानं राखली तो ती काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवून जातो. सकाळी दाराला काठी दिसली की पाळी तुमची. तुळशा तर रोजच गुरांबरोबर जातो, पाळी कुणाचीही असो, तीस वर्षं झाली. मग राखणारा माणूस दुपारची भाकरी दोघांची बांधून घेतो, संध्याकाळी तुळशाला आपल्याच ओट्यावर आंघोळ घालतो, जेवू घालतो, गोळी देतो. मावशी होती तेव्हाही हेच चालायचं, फक्त झोपायला तो तिच्याकडं यायचा. आता ज्याच्या दारी काठी, त्याच्या ओसरीवर तुळशाचं अंथरूण.

मी हे ऐकलं आणि मनातल्या मनात आमच्या ‘मावशीनं एकटीनं’ या वाक्याला हार घातला.

त्या दिवशी पाळी गंगव्वाच्या घराची होती. गंगव्वा सत्तरीची, मावशीची शेजारीण, काटक, नाकात चमकी आणि जिभेला धार. ओढ्यातून तुळशाला ओढून काढणारं ‘कुणीतरी’ म्हणजे हीच, हे मला तिच्या सुनेनं सांगितलं. ती स्वतः म्हणाली, पोरगं ओलं झालं होतं, एवढंच. जेवायला उकड्या तांदळाची पेज, तव्यावर परतलेले कोनफळाचे काप, कोकमाचं सार आणि एक तांबूस, आंबट, झणझणीत चटणी. मी तीनदा मागून घेतली. चौथ्यांदा विचारलं कशाची. तांबड्या मुंग्यांची. मी राज्य नाट्य स्पर्धेत सात वेळा स्टेजवर उभी राहिलेली बाई आहे, चेहरा कसा ठेवायचा ते मला येतं. तरी गंगव्वानं ओळखलंच. म्हणाली, खाल्ल्यात त्या मेलेल्याच होत्या, आता पोटात चालायच्या न्हाईत.

बुधवार : तालीम

सकाळी स्कूटरचा आवाज आला. मागं दोन जादा चाकं जोडलेली स्कूटर आणि तिच्यावर रेणुका. एका पायाला पोलिओ. ग्रामपंचायतीनं अपंगांसाठी नेमलेली कार्यकर्ती. आपल्याकडच्या आशाताईंसारखीच घरोघरी फिरणारी, पण हिच्या वहीत फक्त अपंगांची नावं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला चालता येत नाही, कुणाचा कागद कुठं अडकलाय, सगळं हिला तोंडपाठ.

तिनं येण्याचं कारण सांगितलं. गुरुवारी जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी होती, कारवारहून डॉक्टर येणार होते. मावशीनं तुळशाचा अपंगत्वाचा दाखला कधी काढलाच नव्हता. कशाला काढायचा, माझा पोर माझ्या घरात आहे, असं तिचं म्हणणं. पण दाखला नाही म्हणून तुळशा कुठल्याच यादीत नाही. यादीत नाही म्हणून फिटच्या गोळ्या घरी पोचवणाऱ्या नर्सला त्याचं घर माहीत नाही. मावशी दर महिन्याला स्वतः जोयड्याला जाऊन गोळ्या आणायची. ती गेल्यावर वाडीतली माणसं आळीपाळीनं जाऊ लागली, आणि एका महिन्यात पहिल्याला वाटलं दुसरा आणणार, दुसऱ्याला वाटलं पहिल्यानं आणल्या. त्याच महिन्यात तो ओढ्यात पडला.

दाखला मिळाला, तोही चाळीस टक्क्यांच्या वरचा, तर नर्स महिन्याच्या महिन्याला गोळ्या घेऊन वाडीत येणार. कमी पडला तर नाही. आणि दादानं मला निघताना बजावून सांगितलं होतं : औषधाची पक्की सोय असेल तर बोल, नाहीतर त्याला घेऊन ये, मी अजून एक फोन तसला घेऊ शकत नाही. थोडक्यात, तुळशा कुठं राहणार हे गुरुवारी जोयड्यात ठरणार होतं.

मी रेणुकाला संस्थेची फरशी, खाटा, डॉक्टर, सगळं रंगवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की अपंगांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, त्यांना चारचौघांसारखं चारचौघांत राहायचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती कुणी करायची नाही. मी म्हटलं, सक्ती कसली, दादाचा जीव आहे त्याच्यावर.

“जीव लावून केली तरी सक्तीच की, अक्का. तुमी त्याला इचारलं काय?”

हे मला लागलं. मी तिथल्या तिथं तुळशाला हाक मारली आणि विचारलं, माझ्याबरोबर मिरजेला येतोस का. तो प्रसन्न हसून “व्हय” म्हणाला. मी विजयी मुद्रेनं रेणुकाकडं पाहिलं. गंगव्वा चुलीपुढून न उठता त्याला म्हणाली, तुळशा, चंद्रावर जायाचं काय रं? तुळशा म्हणाला, “व्हय.” वाघाच्या पाठीवर बसतोस काय? “व्हय.” मग गंगव्वानं मला सांगितलं की तो तोंडानं सगळ्यालाच व्हय म्हणतो. नको असलं की पाय हालवत नाही, त्यावरून ओळखायचं.

रेणुका निघताना सगळ्यांना म्हणाली, उद्या डॉक्टर विचारतील ते खरं खरं सांगा. सगळे व्हय म्हणाले. त्यात तुळशाही होता.

ती वळणाआड गेली आणि वाडीत गडबड उडाली. त्यांचं म्हणणं असं : ही मिरजेची अक्का पोराला न्यायला आली आहे. उद्या साहेबापुढं पोरगं वेडंवाकडं दिसलं, तर साहेब म्हणणार, तुम्ही याला नीट ठेवलं नाही, द्या पाठवून. तेव्हा तुळशा उद्या कसा दिसला पाहिजे, तर उळवीच्या जत्रेला बैल सजवून नेतात तसा. त्या दिवशी त्याला गुरांमागं जाऊच दिलं नाही, गंगव्वानं त्याला दोनदा आंघोळ घातली. कुणी नवं धोतर आणलं, कुणी तेल. आणि ओसरीवर तालीम सुरू झाली.

इथं मला माझा गुन्हा कबूल करायचा आहे. मला तालीम दिसली की मी कुणाच्या बाजूची आहे हे मला आठवत नाही. दहा मिनिटांत मी गंगव्वाला खाली बसवलं आणि दिग्दर्शन हातात घेतलं. डॉक्टर झाले मी. दारातून प्रवेश, नमस्कार, नाव काय, तुळशीदास. पाणी दिलं की प्यायचं. खुर्चीवर बसायचं, बाकावर बसल्यासारखं आडवं नाही. तुळशाला हा खेळ फार आवडला. पुढं तर प्रवेश झाला की तो आपणहून परत बाहेर जायचा आणि पुन्हा आत यायचा. एवढ्यावर मी थांबले नाही. गंगव्वाच्या सुनेचं शिलाई मशीन होतं, त्यावर मी त्याला दुपारपर्यंत एक निळा शर्ट शिवला, पुढं सहा बटणं लावून. तो आयुष्यभर गळ्यातून घालायची बंडी वापरत आलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शर्ट घालून झाला तेव्हा सगळी वाडी बघायला जमली. बटणं कुणी लावली, मी की गंगव्वा की सून, मला आजही आठवत नाही.

शर्टाचं माप घेताना मात्र दुसरंच काहीतरी आठवलं. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर चाकाच्या खुर्चीतली एक मुलगी आहे. मी तिचे सहा ड्रेस शिवले आहेत. तिची आई माप कागदावर लिहून आणते, मी शिवते, आई घेऊन जाते. अजून मी तिला पाहिलेलं नाही. तुळशाच्या खांद्यावर टेप धरून उभी होते, आठजणी माप कसं घ्यावं ते सांगत होत्या, तो गुदगुल्या होऊन हसत होता, आणि मला त्या कागदाची लाज वाटली.

गुरुवार : जोयडा

एका टेम्पोत तुळशा, मी आणि वाडीतल्या आठ घरांची मिळून अकरा माणसं. नववं घर गुरं राखायला मागं राहिलं होतं, त्यांनी निरोप पाठवला की आमच्या वतीनंही सांगा. दवाखान्याच्या आवारात तालुकाभरची माणसं आली होती. रेणुका एका आजोबांना पाठीशी हात देऊन पायऱ्या चढवत होती, लांबूनच तिनं आम्हाला आत जायची खूण केली.

डॉक्टर मध्यमवयीन, दमलेले, आवाज मऊ. कानडी, कोकणी आणि कामापुरती मराठी बोलणारे. तुळशाचा प्रवेश झकास झाला. नमस्कार नेमका पडला. ‘तुळशीदास’ खणखणीत आलं. मी दिग्दर्शकाच्या आनंदात भिंतीला टेकले.

मग डॉक्टरांनी तक्ता पुढं ओढला आणि सोबतच्या लोकांना प्रश्न विचारायला लागले. तपासणीची पद्धतच तशी आहे. अशा माणसाला रोजच्या आयुष्यात काय जमतं, ते त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना विचारायचं. हाताने जेवतो? जेवतो की. अंगावर कपडे घालतो? घालतो, हे बघा की. दुकानात जातो? रोज जातो, गूळ आणतो. पैशाचा व्यवहार? आजवर एक रुपया चुकला नाही. वेळ कळते? बारा वाजले की बरोब्बर भाकरीला बसतो. अकरा माणसं एकमेकांच्या पुढं सरकून उत्तरं देत होती आणि डॉक्टरांची पेन्सिल एकाच रकान्यात खाली खाली उतरत होती.

शेवटी ते थांबले, बेरीज केली, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “हे तर चांगलंच आहे. मग यांना दाखला कशाला पाहिजे?”

 वाडीतल्या माणसांचे चेहरे अजून अभिमानानं फुललेले होते, कारण त्यांच्या मते पोरगं जिंकलं होतं. फक्त मला कळलं की ते हरलं. दाखला नाही म्हणजे यादी नाही, यादी नाही म्हणजे गोळ्या नाहीत, गोळ्या नाहीत म्हणजे माझ्या पर्समधलं दुसरं तिकीट. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मला हलकं वाटलं. मी काहीच करायचं नव्हतं. गप्प उभं राहिलं की झालं. दादा शाबासकी देणार, फरशी स्वच्छ होतीच.

तेवढ्यात तुळशानं डोक्यावरची टोपी काढली, कुणीतरी ती न पाहताच त्याच्या हातातून घेतली, दुसऱ्यानं त्याचे केस सारखे केले, गंगव्वानं त्याचं नाक पुसलं. तिघंही डॉक्टरांकडं बघत होते. आपण काही करतोय हे तिघांनाही ठाऊक नव्हतं.

मी पुढं झाले आणि डॉक्टरांना म्हटलं, या सगळ्या माणसांना, मलासुद्धा, पाच मिनिटं बाहेर काढा आणि मग त्याला शर्ट काढून पुन्हा घालायला सांगा.

गंगव्वानं माझ्याकडं असं पाहिलं की वाघ दिसला नाही याची भरपाई झाली. पण डॉक्टरांनी मान डोलावली आणि आम्ही बाराजण बाहेर व्हरांड्यात, जाळीच्या खिडकीशी गर्दी करून उभे राहिलो.

शर्टाच्या सहा बटणांशी तो बराच वेळ खेळला. मग गळ्यातूनच ओढून काढला, एक बटण तुटून उडालं. आता घाला, डॉक्टर म्हणाले. त्यानं एक बाही घातली. मग दुसरा हात बाजूला, हवेत, नीट लांब केला आणि थांबला. तिथं कुणीतरी असतं. चव्वेचाळीस वर्षं तिथं कुणीतरी होतं. तो रडला नाही, हाक मारली नाही, हात खाली घेतला नाही. नुसता दाराकडं बघत, हसू अर्धवट ठेवून, उभा राहिला. खिडकीबाहेर बारा माणसांचे हात आपोआप वर आले होते. गंगव्वा दाराकडं निघाली, तिच्या सुनेनं आणि मी तिला धरली. मी शिवलेल्या त्या शर्टाला मी मनातल्या मनात जे बोलले ते छापता येणार नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग डॉक्टर खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि त्याचा हात बाहीत घातला.

आम्हाला पुन्हा आत बोलावलं. आता त्यांनी तेच प्रश्न उलगडून विचारले. दुकानात गेल्यावर काय हवं ते तो सांगतो का? नाही, दुकानदार सांगतो त्याला, गूळ पाहिजे म्हणून. पैसे? पैसे त्याच्या हातात कुणी देतच नाही, मग चुकणार कसे. बारा? बारा वाजता राखणारा भाकरी सोडतो. कपडे? इथं सगळे गंगव्वाकडं बघायला लागले. अखेर गंगव्वा, स्वतःच्याच लेकराविरुद्ध साक्ष द्यावी तशा तोंडानं, जमिनीकडं बघत म्हणाली, “न्हाई. आमीच घालतो.” एकेक ‘न्हाई’ तिच्याकडून काढून घ्यावं लागलं. पेन्सिल दुसऱ्या रकान्यातून उतरायला लागली.

शेवटचा रकाना होता, सांभाळणाऱ्याचं नाव. एकच ओळ. अकराजणांनी अकरा नावं सांगितली आणि नवव्या घराचा निरोपही पोचवला. डॉक्टरांना वाटलं, भांडण आहे. तोवर रेणुका आत आली होती, तिनं त्यांना काठीची पद्धत समजावली. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, यासाठी माझ्याकडं ओळ नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. रक्ताचं नातं माझं. मी म्हटलं, माझं नाव नको, मी मिरजेत असते, गंगव्वाचं लिहा. तिनं अंगठा उठवला, बाकीची आठ घरं रेणुकानं वेगळ्या कागदावर लिहून मागं टाचणीनं जोडली, आणि तिथल्या तिथं तुळशाचं नाव नर्सच्या यादीत घालून घेतलं. पहिल्या तीन महिन्यांच्या गोळ्या दवाखान्यातूनच मिळाल्या.

कारकून दाखला लिहीत होता तेवढ्यात मी आवारातून दादाला फोन लावला. सगळं सांगितलं, हवेतल्या हातासकट.  मग त्यानं दोनच प्रश्न विचारले : नर्स नक्की येणार का, आणि ओढ्यावर तो एकटा असतो का. पहिल्याला मी म्हटलं, यादीत नाव माझ्या डोळ्यांदेखत चढलंय. दुसऱ्याला म्हटलं, एकटा असणं त्याला येतच नाही. दादा म्हणाला, बरं, मग मी जागा सोडतो, कुणाला तरी तिची गरज असेल. आणि त्यानं एवढा मोठा श्वास सोडला की मी फोन कानापासून लांब धरला. त्याला खरं तर तुळशा कधीच न्यायचा नव्हता. त्याला फक्त झोप हवी होती.

शुक्रवारी परतीच्या गाडीत माझ्या शेजारच्या जागेवर, तुळशाच्या तिकिटावर, अकरा किलो कोनफळ आणि कणगं अशी कंदमुळं बसून आली. तुळशा मला वळणापर्यंत सोडायला आला; म्हणजे सुटकेसला सोडायला आला. बसची पायरी दाखवून मी सहज म्हटलं, चल येतोस? तो “व्हय” म्हणाला, आणि त्याचे पाय जागचे हलले नाहीत. मिरजेला पोचल्यावर मी टेप घेऊन आधी दुसऱ्या मजल्यावर गेले, पण ती हकीकत त्या मुलीची आहे, तिनं सांगायची.

तर गुरुवारचं सांगायचं राहिलं. फोन करून मी आत आले तेव्हा डॉक्टर सही करत होते. आकडा चाळीसच्या बराच वर होता. रेणुकानं तो दोनदा वाचला आणि भिंतीला पाठ टेकून पहिल्यांदाच हसली. वाडीतली माणसं मात्र अपराधी चेहऱ्यानं उभी होती, पोराची सगळ्यांदेखत बेअब्रू झाल्यासारखी. कारकुनानं शिक्का मारला. डॉक्टरांनी कागद गंगव्वाच्या हातात दिला, जपून ठेवा म्हणाले. गंगव्वानं तो घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, चार घड्या करून कमरेला खोचला, दारापर्यंत गेली, थांबली, आणि वळून डॉक्टरांना म्हणाली :

“शिक्का बसला न्हवं? आता खरं सांगते, साहेब. आमच्या तुळशाला सगळं येतंय.”